उभ्यानं चहा

“पाड की त्येला. आरं, पाड की. नुसतं हात वर करून काय हुबा ऱ्हायलायस? ढाक लाव, ढाक.”

कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलचा अंतिम सामना चालला होता, आणि कडेला उभं राहून ओरडणारे हे गृहस्थ म्हणजे आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद, आप्पा. डोक्याला गुलाबी पटका, मिशा अशा की दोन टोकांना दोन लिंबं टोचून ठेवावीत, आणि आवाज असा की तिकडं रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशी पाण्यातनं उठून घरची वाट धरायच्या. ज्याला ते ओरडत होते तो त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा वर्गमित्र आणि आमच्या संघाचा मधला खेळाडू. उंची सहा फूट पाच इंच. मी सांगताना पावणेसात फूट सांगतो. आयुष्यात कुठलाही आकडा मी कमी करून सांगितलेला नाही, तेव्हा ह्याच्याच बाबतीत का करू? सगळं कॉलेज त्याला शिडी म्हणायचं. मीही इथं तेच म्हणतो.

बापाचा शब्द मोडायचा नाही म्हणून शिडीनं कुस्तीतल्या ढाकेऐवजी नुसता खांदा लावला. समोरचं सांगलीचं पोरगं कोलमडलं, पण सावरलं. पंचांनी शिट्टी मारली. पंच म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वजन पंचेचाळीस किलो, तेही शिट्टी धरून. आप्पांनी कडेला चपला काढल्या, कारण मैदानात चपला घालून जायचं नाही हे तालमीचं वळण, आणि सरळ पंचांसमोर जाऊन उभे राहिले.

“शिट्टी का मारलासा?”

“फाऊल झाला. धक्का दिला त्यानं.”

“धक्काच दिला न्हवं? पाठ कुठं लागलीया त्येची? बघा की, माती तरी हाय का पाठीला?”

आणि सरांनी त्या पोराला फिरवून खरोखर पाठ बघितली. पाठ स्वच्छ होती. तरी फाऊल कायम राहिला, ह्याचं आप्पांना पुढं दोन वर्षं नवल वाटत होतं. सामना आम्ही जिंकला. पोरांनी शिडीला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. पाय जमिनीलाच लागत राहिले. आप्पांनी त्याला जवळ घेतलं, कानाशी तोंड नेलं (म्हणजे त्याचा कान खाली ओढून घेतला) आणि विचारलं, “जिंकलास ते बेस झालं. पर कुणाला पाडलंस?”

शिडी त्या दिवशी हसला नुसता.

पुढं ज्यांनी त्याला राजारामपुरीत पाहिला, म्हणजे परदेशातनं परत आल्यावर, त्यांना तो ह्या खेळापायी आठवत नाही. त्यांना आठवतो तो न बसणारा माणूस म्हणून. शिडी बसायचा नाही. कुठंच. हॉटेलात चहा उभ्यानं. बशी छातीशी धरायचा, ती इतरांच्या डोक्यावरनं जायची, आणि वाफ थेट पंख्यात. मालक रोज विचारायचा, “बाकडं काय चावतंय व्हय तुला?” शिडी रोज बशी खाली ठेवायचा आणि उभ्यानंच विडा लावायचा. न्हाव्याकडं उभ्यानं दाढी. न्हावी स्टुलावर चढायचा. सिनेमा मागच्या भिंतीला टेकून. लग्नात पंगतीला सगळे मांडी घालून बसले की हा खांबाजवळ उभा, हातात पत्रावळ. कोल्हापुरात उभ्यानं जेवायची पद्धत यायच्या दहा वर्षं आधी ती शिडीनं एकट्यानं आणली होती. झोपायचा मात्र आडवा होऊन. “आडवं पडनं येगळं, बसनं येगळं,” म्हणायचा.

त्याची बहीण गडहिंग्लजला दिली होती. तिच्याकडं निघाला की एसटीत उभा. टपाला डोकं लागायचं म्हणून मान मोडून, दोन तास. एकदा मी बरोबर होतो. गाडीत आम्ही दोघं, एक म्हातारी आणि तिची कोंबडी. कंडक्टर भला माणूस होता.

“ओ पावणं, बसा की. समदी गाडी मोकळी हाय.”

“असू दे.”

“असू दे काय? मान बघा की तुमची, पार सायकलचं हँडल झालीया.”

“मी लई बसलोय.”

“कुठं बसलाता? स्टँडवर?”

“बहारीनला,” शिडी म्हणाला.

कंडक्टरनं थोडा वेळ विचार केला, तिकिटांची पेटी मिटली आणि पुढं जाऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसला. संकेश्वर येईपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही. म्हातारीनं मात्र कोंबडी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा झटकून ठेवली, न जाणो, वाटेत मन बदललं तर.

तो बहारीनला कसा पोचला हे सांगायचं तर मातीपासनं सुरुवात करावी लागेल.

शिडी जन्मला तेव्हा आप्पांनी त्याच्या तोंडाला मधाआधी आखाड्याच्या हौदातली लाल माती लावली असं म्हणतात. मग दूध, बदाम, तूप, थंडाई. एका म्हशीचं एकट्यानं. पण पोराच्या अंगात सगळं लांबीत जायचं, रुंदीत काही नाही. हौदात उतरला की चिल्लीपिल्लीसुद्धा त्याचा पाय धरायची, कारण पाय सगळीकडंच असायचा. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याची पाठ इतक्या वेळा लागली की मातीत त्याचा साचाच उठला असेल. आप्पा रागावले नाहीत कधी. रोज त्याच्या पाठीची माती स्वतः झटकायचे आणि म्हणायचे, “उंद्या.”

मग कॉलेजात खेळाच्या सरांनी त्याच्या हातात बॉल दिला आणि लोखंडी रिंग दाखवली. शिडीचा पहिला बॉल आत गेला. दुसराही. पन्नास टाकले तर बावन्न आत जायचे, असा त्याचा हात. आप्पा आधी चार महिने बोलले नाहीत. पण मघाशी सांगितलेला सामना त्यांनी पाहिला, हलगी ऐकली, पोरगं खांद्यावर गेलेलं पाहिलं, आणि त्यांनी ठरवलं: ही पण कुस्तीच, फक्त पाच-पाच जणांची. मग तालमीनंही ठरवलं. आमच्या पेठेचं असंच असतं. एकदा माणूस आपला म्हटला की त्याचा खेळही आपला.

तालमीच्या मागं मोकळी जागा होती. आप्पांनी तिथं सागाचा खांब रोवला, लोहाराकडनं रिंग करून घेतली, आणि पोराच्या सरावासाठी मैदान तयार केलं. कसं? जसं करायचं तसंच. जमीन कमरेएवढी खणली. लाल माती आणली, तीनदा चाळली. त्यात ताक, तेल, हळद, लिंबं. अठरा पैलवान महिनाभर ती माती पायानं आणि फावड्यानं खालवर करत होते. अशी माती झाली की तीवर लोणी घातलं तर लोण्याला लाज वाटावी. पहिल्या दिवशी नारळ फुटला, शिडी आत उतरला, त्यानं बॉल खाली आपटला, आणि बॉल तिथंच बसला. खुडूक कोंबडीसारखा. वर आलाच नाही.

अठरा पैलवान बॉलकडं बघत होते. आप्पा शिडीकडं बघत होते. अजून घाम वाळला नव्हता त्यांच्या अंगावरचा.

“मैदान कसं झालंय?” आप्पांनी विचारलं.

“झकास,” शिडी म्हणाला.

त्या एका शब्दावर शिडीचं आयुष्य गेलं, असं माझं मत आहे. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात धरून पळता येत नाही; टप्पा पाडत पाडत पुढं न्यावा लागतो. बाकीची पोरं कॉलेजच्या टणक जमिनीवर टप्पा शिकली. शिडी कॉलेज सुटलं की तालमीमागं यायचा, आणि तीन वर्षं, रोज दोन-अडीच तास, त्या लोण्यासारख्या मातीत उभ्या जागेवरनं रिंगमध्ये बॉल टाकत राहायचा. कट्ट्यावर आप्पा. टप्पा पडायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळं त्याचा हात असा झाला की डोळे बांधून टाकावा, आणि टप्पा असा राहिला की चार वर्षांच्या मुलीनं हसावं. मी एकदा त्याला म्हणालो, “आप्पांना सांग की, ही माती चालत नाही.” तो म्हणाला, “लेका, अठरा जणांनी तुडवलीया ती.”

विद्यापीठाच्या संघात गेला, तिथं चाललं. मुंबईच्या एका कंपनीनं नोकरी देऊन संघात घेतलं, तिथंही चाललं. तिथल्या बाकीच्या पोरांनी पळायचं आणि बॉल शिडीकडं फेकायचा, शिडीनं वर टाकायचा. चार वर्षं त्यांनी तेवढ्यावर ढीगभर कप जिंकले. मग सत्तरनंतर कधीतरी आखाताकडनं एक माणूस मुंबईला आला. तिथल्या एका क्लबाला उंच माणसं हवी होती. दिवसा क्लबाच्या मालकाच्या गोदामात काम, संध्याकाळी खेळ. त्यानं शिडीचा हात पाहिला आणि करारावर सही घेतली. टप्पा पाहायला तो थांबला नाही.

निघताना तालमीनं त्याला स्टेशनपर्यंत हलगी लावून नेला. हत्तीची बोलणी झाली होती, पण हत्ती त्या दिवशी आजारी होता. आप्पांनी पोराच्या डोक्याला पटका बांधला, त्यासाठी त्याला गुडघ्यावर बसवलं, आणि हौदातल्या मातीची एक पुरचुंडी त्याच्या खिशात घातली. आमच्या पेठेतला पोरगा समुद्रापलीकडं खेळायला चालला होता. लोकांनी विचारलं, “कुनासंगं हाय कुस्ती?” मी सांगितलं, “सगळ्यांसंगं.”

आता माझं काम सांगतो. आप्पांना अक्षर येत नव्हतं. शिडीची पत्रं यायची ती मी वाचून दाखवायची आणि उत्तर मीच लिहायचं, असं ठरलं होतं. मी कचेरीत कारकून. अक्षर बरं, आवाज त्याहून बरा. पत्र आलं की आप्पा मला निरोप धाडायचे. मी कचेरीतनं तालमीत पोचेपर्यंत कट्ट्यावर चाळीस माणसं जमलेली असायची, लहानथोर पैलवान, कोपऱ्यावरचा पानवाला, शेजारचे पिंजारी चाचा, मधोमध आप्पा, आणि माझ्यासाठी पितळेच्या पेल्यात थंडाई. सांगा, अशा वेळी माणसानं जे लिहिलंय तेवढंच कसं वाचावं?

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, पहिल्या सामन्यात थोडा वेळ खेळवलं, आठ गुण केले. मी अठ्ठावीस वाचले. आप्पांनी विचारलं, “पर पाडलं कुनाला?” पत्रात कुणालाच पाडलेलं नव्हतं. पत्रात एवढंच होतं की संघात मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, एक खेळाडू आहे, स्वभावानं चांगला आहे, त्याच्याबरोबर खोलीत राहतो. मी पत्र नाकाशी धरलं आणि वाचलं की समोरच्या संघात मिसर देशाचा एक पैलवान होता, विजापूरच्या गोलघुमटाएवढा, आणि त्याला आपल्या शिडीनं अस्सा पाडला.

“पाठ लागली?” आप्पा.

मी पत्रात बघितलं. “लागली.”

कट्टा उठून उभा राहिला. चाचांनी पिंजायची काठी हवेत फिरवली. आप्पांनी पटक्याचं टोक डोळ्याला लावलं. वर्षानुवर्षं ज्याच्या पाठीची माती झटकली होती, त्यानं आज समुद्रापलीकडं दुसऱ्याची पाठ लावली होती. मी घरी गेलो तेव्हा मला वाटत होतं की मी पुण्याचं काम केलंय. अजूनही एखाद्या वेळी वाटतं.

दुसऱ्या पत्रात मिसरवाला परत आला. लोकांनीच मागितला तो. मी त्याला परत पाडला.

मग तिसरं पत्र आलं. ते मला पाठ आहे.

‘तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार. इथे मला आता खेळवत नाहीत. दोन परदेशी असले तर एकच मैदानात घ्यायचा असा इथला नियम आहे, आणि मिसरचा माणूस माझ्याहून चांगला खेळतो. कोच म्हणतो, तुला टप्पा पाडत पुढे जाता येत नाही. ते खरे आहे. सगळा मोसम मी बाकावर बसून काढला. गुडघ्यात पाणी झाले आहे. मुंबईच्या कंपनीने माझी जागा जूनपर्यंत धरून ठेवली आहे. तुम्ही ये म्हणालात तर लगेच निघतो. तुम्ही म्हणाल तसे. हे सगळ्यांसमोर वाचू नये.’

शेवटची ओळ शेवटी लिहिली होती. ती मला आधी कशी दिसणार? मी पत्र चाळीस माणसांसमोर उघडलं होतं, आणि आप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

“मिसरच्याचं काय झालं फुडं?” आप्पांनी विचारलं.

मी मनातल्या मनात वाचून संपवलं. थंडाईचा पेला तोंडाला लावून मी वेळ काढला. मग मी वाचलं. मिसरच्याची पुन्हा पाठ लागली आणि त्यानं हार मानली. शिडीचे पाय धरले. आता सगळे म्हणतात की पुढच्या वर्षीही इथंच राहा. आप्पा, तुम्ही म्हणाल तसं.

तेवढं एक वाक्य मी खरं वाचलं.

आप्पांनी पटका नीट केला आणि म्हणाले, “लिव्ह. म्हनावं, मैदान सोडून यायचं न्हाय. आपल्या घरात पाठ लागस्तवर कुनी हौदाबाहीर आल्यालं न्हाय. आनि म्हनावं, आप्पाची छाती आता सदऱ्यात माईना झालीया. लिव्हलंस?”

“लिव्हलं.”

परदेशी जाणारं ते निळं हवाईपत्र. मजकूर संपला, आप्पांनी अंगठा उठवला, आणि खाली तीन बोटं जागा उरली. मी ते घरी नेलं. मनात होतं की त्या जागेत आपल्या हातानं लिहावं: आप्पांना मी तुझं पत्र वाचून दाखवलेलं नाही, तू निघून ये. एवढं बसलं असतं. पण ते लिहायचं म्हणजे मिसरवाल्याचं लिहावं लागणार. शिडी येणार, कट्ट्यावर उभा राहणार, सगळे विचारणार, आणि मग चाळीस माणसं माझ्याकडं बघणार. म्हटलं, पुढच्या पत्रात लिहू. पत्र डकवलं आणि कचेरीत जाताना पेटीत टाकलं. जून लांब होता. मग जून आला. मग गेला.

बहारीनच्या क्लबानं त्याला दुसऱ्या वर्षी सोडला. तो कुवेतला गेला, तिथं लहान क्लब. मग मस्कतला, तिथं क्लबच नव्हता. एका कंपनीच्या गोदामात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांचे सामने. तिथंही, गुडघ्यामुळं, बाकावर. ज्याला टप्पा येत नाही आणि ज्याचा गुडघा गेला, त्याला कोण उभा करणार? पत्रं आखडत गेली. ‘मी ठीक आहे. तुम्ही तब्येत सांभाळा.’ एवढंच. त्या एका ओळीवर मी अर्धा अर्धा तास वाचायचो. माझ्या वाचनात शिडीनं आखातात एक माणूस उभा ठेवला नाही.

आप्पा गेले ते छातीच्या दुखण्यानं. शेवटचे आठ दिवस अंथरुणाला होते. एका दुपारी मला बोलावलं आणि उशीखालनं पत्रांचा गठ्ठा काढला. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कुठलं पत्र कुठलं हे घडीवरनं ओळखायचे. त्यातलं नेमकं एक काढून माझ्या हातात दिलं.

“मिसरच्याचं वाच. पाय धरल्यालं.”

मी ते पत्र उघडलं. ‘सगळा मोसम मी बाकावर बसून काढला,’ असं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी मिसरच्यानं पाय धरल्यालं वाचत होतो. नेहमीपेक्षा हळू वाचलं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, “पाठ लागल्याली ऱ्हायली की वाचायची.” मी मागं जाऊन पाठ लावली.

तार मीच केली. शिडी पोचला तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. लंगडत. केस मागं गेलेले. हौदाजवळ आप्पांच्या फोटोला हार होता आणि कट्ट्यावर जुनी मंडळी बसली होती, आठ-दहाच उरलेली. पिंजारी चाचा म्हणाले, “बेटा, बैठ. आप्पा हर घडी तेरीच बात करतेते. त्यो मिसरवाला कसा पाडलास, एकदा तुझ्या तोंडनं आयकू दे आमाला.”

मी खांबाआड होतो. शिडीनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. पानवाला म्हणाला, “आरं बस तरी.” शिडी बसला नाही. तो हौदाच्या कडेला गेला, वाकून चिमूटभर माती घेतली, तळहातावर चोळली, आणि सांगायला लागला.

मी आयुष्यभर लोकांना गोष्टी सांगत आलो, पण अशी कधी सांगितली नाही. मिसरवाला कसा आला, कसा दिसत होता, हसताना त्याचा पुढचा एक दात कसा तुटलेला होता. खरा मिसरवाला त्याच्या खोलीत राहिलेला. दात त्याचाच असणार. कुठनं पकडला, ढाक कशी लागली, माणूस कसा गेला. हात करून दाखवले त्यानं. दुखऱ्या पायावर फिरून दाखवलं. शेवटी थांबला. चाचा पुढं सरकले.

“पाठ लागी?”

“लागली,” शिडी आप्पांच्या फोटोकडं बघत म्हणाला.

त्यानंतर त्यानं ती गोष्ट परत कुणाला सांगितली नाही, आणि मला काही विचारलंही नाही.

राजारामपुरीतल्या मुलींच्या एका शाळेत त्याला खेळ शिकवायची नोकरी लागली. त्यानं पहिली मागणी केली ती सिमेंटच्या मैदानाची. ते झालं. रिंग लावू दिली नाही. वर्षभर नुसता टप्पा. पोरी टप्पा पाडत वर्गातनं मैदानात यायच्या, टप्पा पाडत प्रार्थनेला, टप्पा पाडत गल्ल्यांमधनं घरी. दवाखान्यातले डॉक्टर खिडक्या लावून घ्यायचे. पालक तक्रार घेऊन आले की शिडी त्यांनाही बॉल द्यायचा आणि म्हणायचा, “आधी आपटून दावा, मग बोला.” एक वकील सहा महिने येत होते आपटायला. एखादीनं टप्पा न पाडता बॉल वर फेकला की तो पोरींवर रागवायचा नाही, नुसता स्वतःच्या हाताकडं बघत राहायचा. त्यांतल्या दोन पोरी पुढं राज्याच्या संघात गेल्या. दोघींचा टप्पा असा की वाटावं बॉलला दोरी बांधलीय.

तालमीमागचा सागाचा खांब अजून आहे. रिंगवर पैलवान लंगोट वाळत घालतात.

पंच्याऐंशीच्या सुमारास एके दुपारी मी त्याच्या मैदानावर गेलो. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही ह्यावर डॉक्टरांचं चाललं होतं. मला कुणीतरी सांगितलं की आता तो फार दिवस उभा राहू शकायचा नाही. पंधरा-वीस पोरी टप्पा पाडत गोल फिरत होत्या. शिडी मधोमध, काठीवर भार देऊन. माझ्यासाठी त्यानं खुर्ची मागवली. मी बसलो नाही. दोघं उभे राहिलो.

मी आधी हवापाण्याचं बोललो. मग ह्याचं त्याचं. मग बोललो.

“ते तुझं पत्र,” मी म्हणालो, “बाकावर बसलोय म्हणून लिहिलेलंस ते. मी ते आप्पांना वाचून दाखवलंच न्हाय.”

“ठाऊक हाय.”

“तुला यायचंय हे त्यांना कळलंच न्हाय कधी. कळलं असतं तर ते ये म्हणाले असते.”

एका पोरीचा बॉल निसटून शिडीच्या पायाशी आला. त्यानं तो काठीनं तिच्याकडं ढकलला.

“आणि उत्तर मी लिहिलं,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत ही एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ना वाढवून, ना आहे तशी. “आप्पांचं सांगून संपलं, आणि खाली जागा उरलेली. तीन बोटं. एक ओळ सहज बसली असती, की तू ये. माझ्या मनात होतं. मी लिहिली न्हाय.”

पोरी गोल फिरत होत्या. वीस बॉल खाली पडत होते आणि वर येत होते.

“चार,” शिडी म्हणाला. “चार बोटं हुती.”